जुनं पिस्तूल चालतं राहू द्या

निष्क्रिय केलेलं, म्हणजे कायद्यानुसार कायमचं बंद पाडलेलं, जर्मन लुगर पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आधी काहीच कळलं नाही. वजन नेहमीचंच. मुठीचा कलही तोच, हात आपसूक निशाणाकडे वळावा असा. सवयीने वरच्या दोन गोल खुंट्या चिमटीत धरून मागे ओढायला गेलो, तर सांधा हलेना. उलटून पाहिलं. नळीला लांब खाच पाडली होती, आत कडक पोलादाचा खिळा घालून तो वेल्ड केला होता, काडतुसाला टोला देणारी फायरिंग पिन काढून टाकली होती आणि सांधा खालून वितळलेल्या धातूने कायमचा चिकटवला होता. चेंबरवर, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या भागावर, 1917 हे साल होतं. बारीकसारीक भागांवर त्याच पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे होते, म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून एकही भाग बदललेला नव्हता. दोन महायुद्धांतून आणि कुणाकुणाच्या कपाटांतून शंभर वर्षं धड राहिलेली वस्तू कुणीतरी एका दुपारी कायमची संपवली होती. तेही कायद्यात सांगितलं होतं अगदी तसंच, रीतसर प्रमाणपत्रासह.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ऐतिहासिक पिस्तुलं आणि बंदुका चालत्या स्थितीत जपल्या पाहिजेत, आणि त्यातल्या झेपतील तेवढ्या जाणत्या हातांनी अधूनमधून झाडल्याही पाहिजेत. त्यासाठी माणसावर, जागेवर आणि काडतुसांवर कितीही कडक बंधनं आली तरी ती संग्राहकांनी मुकाट्याने पाळावीत. लोखंडावर मात्र घाव घालू नये, कारण तो भरून निघत नाही. आज कडक वाटणारा नियम उद्या सैल करता येतो. कापलेली नळी पुन्हा 1917 सालची होत नाही.

ज्यांनी या वस्तू फक्त काचेआड पाहिल्यात त्यांना हा हट्ट वाटेल. पण पिस्तूल ही वस्तू हालचालीत आहे. लुगरचंच पाहा. बार उडाला की नळी आणि सांधा एकमेकांना धरून थोडेसे मागे येतात. तोवर सांधा गुडघ्यासारखा ताठ असतो, त्यामुळे दाब उतरेपर्यंत चेंबर बंद राहतं. मग त्या गोल खुंट्या चौकटीवरच्या उतारावर आपटतात, गुडघा वर मोडतो, रिकामं काडतूस वर फेकलं जातं आणि मुठीतली स्प्रिंग गुडघा पुन्हा सरळ करते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. हा गुडघा आधी हिरम मॅक्सिमच्या मशिनगनमध्ये होता. ह्यूगो बोर्शार्टने 1893 साली तो पिस्तुलात बसवला, पण त्याचं पिस्तूल हातात धरायला बोजड होतं. गेऑर्ग लुगरने ते आटोपशीर केलं, मूठ तिरकी केली. 1900 साली स्वित्झर्लंडने ते सैन्यात घेतलं, 1904 साली जर्मन नौदलाने आणि 1908 साली जर्मन लष्कराने. त्याच्यासाठी 1902 साली तयार झालेलं 9 मिलिमीटरचं काडतूस आजही जगभर वापरात आहे. पिस्तुलाची पद्धत मागे पडली, काडतूस टिकलं. असं का झालं, हे चित्र पाहून समजत नाही. नीट देखभाल केलेलं लुगर एक दिवस झाडून पाहिलं की थोडं समजतं. काडतूस जरा दुबळं असलं तर गुडघा अर्धवट मोडतो आणि अडकतो. योग्य काडतूस असलं तर यंत्र इतकं गुळगुळीत चालतं की हाताला धक्क्यापेक्षा त्याची लयच जास्त जाणवते. ते यंत्र अप्रतिम होतं, पण दिलेल्या खुराकाबद्दल फार चोखंदळ होतं.

1893 ते 1911 ही अठरा वर्षं मला या साऱ्या इतिहासात सर्वांत रसरशीत वाटतात. स्वयंचलित पिस्तूल कसं असावं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1884 साली बिनधुराची दारू तयार केली होती. काळ्या दारूची काजळी यंत्राचे सांधे भराभर जाम करायची. ती अडचण दूर झाली आणि कारागिरांपुढे मोकळं मैदान आलं. जर्मनीतल्या माउझरच्या कारखान्यात 1896 चं पिस्तूल निघालं. त्याच्या यंत्रभागात एकही स्क्रू नाही. सगळे भाग लाकडी कोड्यासारखे एकमेकांत अडकतात, स्क्रू काय तो मुठीच्या लाकडाला. इंग्लंडमध्ये 1901 च्या सुमारास वेब्ली-फॉस्बरी आलं. हे रिव्हॉल्व्हर, पण स्वयंचलित. बार उडाला की वरचा अर्धा भाग काडतुसांच्या चक्रासकट मागे सरकतो आणि चक्रावर कोरलेल्या नागमोडी खाचा ते पुढच्या घरावर फिरवतात. हात सैल धरला तर ते पुरेसं मागे जात नाही आणि पुढचं काम होत नाही. ही गोष्ट मी किती वेळा वाचली होती! पण मनगटाला ती कळायला एकच बार पुरला. रशियातलं 1895 चं नागां रिव्हॉल्व्हर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं. चक्र आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू निसटतो, म्हणून चापाने चक्र पुढे ढकलून फट बंद करायची. त्याची किंमत बोटाला मोजावी लागते, चाप विलक्षण जड होतो. कागदावर ही कल्पना फार हुशार वाटते. सात बार झाडल्यावर बोट दुखतं, आणि इतरांनी ती का उचलली नाही हे विचारावं लागत नाही.

मग जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी रचनाकाराचं पिस्तूल आलं आणि वादच मिटला. अमेरिकेच्या लष्करी चाचणीत ते 6,000 फैरी न अडखळता चाललं, 29 मार्च 1911 रोजी सैन्यात आलं आणि 1985 पर्यंत तिथे मुख्य पिस्तूल म्हणून राहिलं. आजची बहुतेक पिस्तुलं त्याच्याच घराण्यातली आहेत. पण विजेत्याची वस्तू तेवढी चालती ठेवायची आणि हरलेल्यांना वेल्ड करून टाकायचं, असं केलं तर तो का जिंकला हे पुढच्या पिढीने कशावरून ओळखायचं?

ठासणीच्या बंदुकांच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. चकमकीच्या पिस्तुलाचा चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकीवर, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूवर पडतात, रंजक भडकते आणि नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आग आत गेल्यावर मग बार उडतो. या सगळ्याला जो क्षण लागतो तेवढा वेळ, डोळ्यांसमोर भडका उडालेला असताना, नेम तसाच धरून ठेवावा लागतो. पुष्कळदा रंजक पेटते आणि बार उडतच नाही. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मगुरूला शिकारीत हाच त्रास होता. रंजकीचा भडका दिसला की पक्षी उडून जायचे. त्यातून त्याने ठोक्याने पेटणारं मिश्रण वापरायची युक्ती काढली आणि 1807 साली तिचं पेटंट घेतलं. पुढच्या टोपीच्या (असं मिश्रण भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीने बार पेटवणाऱ्या) बंदुका आणि आजचं काडतूस त्याच युक्तीची लेकरं. चकमकीचं पिस्तूल एकदा झाडून पाहणाऱ्याला फोर्सिथची चिडचिड समजावून सांगावी लागत नाही.

यावर कुणी म्हणेल की ही हौशी माणसांची अनुभूती झाली, याला ज्ञान कसं म्हणायचं? त्यांच्यासाठी ग्राट्सचं उदाहरण. ऑस्ट्रियातल्या या शहरात 17 व्या शतकातलं शस्त्रागार जवळपास जसंच्या तसं उभं आहे आणि त्यात 30,000 हून जास्त शस्त्रं आहेत. 1988-89 च्या सुमारास तिथल्या 16 ते 18 व्या शतकांतल्या काही अस्सल बंदुका आणि पिस्तुलं ऑस्ट्रियन सैन्याच्या चाचणी मैदानावर नेली, घट्ट चौकटीत बसवली आणि उपकरणं लावून झाडली. नळीतून निघताना गोळीचा वेग सेकंदाला साधारण 450 मीटर भरला, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा खूप जास्त. गोल गोळी हवेत तो वेग किती भराभर गमावते हेही मोजता आलं. जुनी बंदूक म्हणजे दुबळी बंदूक, या समजुतीला त्या आकड्यांनी धक्का दिला. या बंदुका ज्या युद्धांत होत्या त्यांविषयी ग्रंथांचे ढीग आहेत, पण हे आकडे ग्रंथांत नव्हते. ते त्या नळ्यांत होते, आणि तीनशे वर्षं त्यांच्यात कुणी खिळा ठोकला नव्हता म्हणूनच मिळाले.

त्याच चाचणीत सोळाव्या शतकातल्या अस्सल चिलखताच्या एका पत्र्यावरही गोळी झाडली गेली. तो भाग वाचताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. बंदूक झाडल्यानंतर बंदूक राहते. भोक पडलेला पत्रा पुन्हा अखंड होत नाही. मी तिथे असतो तर विरोध केला असता असं वाटतं. अर्थात जे समजलं ते दुसऱ्या कशाने समजलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता विरोधी बाजू. तिच्यातले काही मुद्दे खरोखर भारी आहेत, ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

13 मार्च 1996 रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून मारलं. ती पिस्तुलं त्याने परवान्याने बाळगलेली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटनने खाजगी पिस्तुलांवर बंदी आणली आणि सुमारे 1,62,000 पिस्तुलं लोकांनी जमा केली. हा निर्णय अतिरेकी होता असं म्हणणारे संग्राहक मला भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्या शाळेचं नाव निघालं की माझ्या तोंडून पिस्तुलांच्या बाजूने शब्द फुटत नाही. ज्यांची मुलं गेली त्यांनी जे मागितलं ते मागायचा त्यांना हक्क होता.

मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या रागाच्या आणि दुःखाच्या वर्षातही ब्रिटिश कायद्याने इतिहासासाठी एक खिडकी उघडी ठेवली. 1919 पूर्वीचं आणि ज्याची काडतुसं सहज मिळत नाहीत असं पिस्तूल संग्रहाचा भाग म्हणून, परवान्यावर घरी ठेवता येतं, पण झाडता येत नाही. आणि जे दुर्मिळ आहे, तांत्रिकदृष्ट्या वेगळं आहे किंवा ज्याला ऐतिहासिक महत्त्व आहे, ते चालतं ठेवता येतं, झाडताही येतं. मात्र सरकारने ठरवून दिलेल्या सुरक्षित जागीच ते ठेवायचं, तिथेच झाडायचं आणि तिथेच सोडून घरी यायचं. इंग्लंडमधल्या बिस्ली इथल्या नेमबाजी केंद्रात अशी व्यवस्था आहे. आपली वस्तू आपल्या घरी नसावी याचा संग्राहकाला त्रास होतो. रात्री उठून एखादी खूण तपासावी असं वाटतं, आणि पिस्तूल शंभर कोस दूर असतं. मला हा त्रास पूर्ण मान्य आहे. माझ्या दृष्टीने रास्त सौदा हाच: लोखंड शाबूत राहतं आणि शेजाऱ्याची झोपही शाबूत राहते.

‘जुन्या बंदुकांनी कोण गुन्हे करतं?’ हा संग्राहकांचा आवडता प्रश्न. तो आता सोडून द्यायला हवा, कारण उत्तर आपल्याला न आवडणारं आहे. ब्रिटनमध्ये जुन्या रिव्हॉल्व्हरांना हाताने बनवलेली काडतुसं जोडून ती गुन्हेगारांना पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याला 2017 साली 30 वर्षांची शिक्षा झाली. तो बाहेरचा कुणी नव्हता. तो या क्षेत्रातला जाणकार होता, आपल्यातलाच. पण त्या प्रकरणात धोका नेमका कुठे होता ते पाहा. ज्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस शंभर वर्षांत कुणी बनवलं नाही ते रिव्हॉल्व्हर म्हणजे नक्षीदार हातोडी. कुणीतरी पितळ कापून, दारू भरून काडतूस बसतं केलं, तेव्हा ते शस्त्र झालं. म्हणून 2021 साली ब्रिटनने पुरातन शस्त्रांची व्याख्या नियमांत बांधली आणि ज्यांच्या जुन्या शस्त्रांना परवाना लागत नाही अशा काडतुसांच्या ‘कालबाह्य’ यादीतून गुन्ह्यांत सापडणारी काही काडतुसं काढून टाकली, ते मला योग्य वाटलं. त्या मापाचं रिव्हॉल्व्हर ज्यांच्याकडे होतं त्यांना परवाना घ्यावा लागला. घ्यावा! काडतुसं भरण्याची साधनं, दारू, टोप्या, रिकामी पितळं यांचा हिशेब संग्राहकाकडून काटेकोर मागितला जावा, आणि तो पाहायला अधिकारी न सांगता आला तरी कुणी कुरकुरू नये.

युरोपातल्या निष्क्रियतेच्या नियमांची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी 2015 मध्ये पॅरिसमधल्या हल्ल्यात ज्या रायफली वापरल्या गेल्या त्यांतल्या काही केवळ आवाज काढण्यापुरत्या म्हणून विकलेल्या आणि पुन्हा जिवंत केलेल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय संघाने निष्क्रिय करण्याची एकच कडक पद्धत सगळ्या देशांना लावली. आधुनिक लष्करी रायफलींसाठी ते करायलाच हवं होतं. लाखोंनी बनलेल्या, कागदपत्रांसह अभ्यासलेल्या वस्तू त्या. पण निष्क्रिय करायच्या शस्त्राचा इतिहास ती पद्धत पाहत नाही. एखादं आजोबांचं पिस्तूल वारसाला मिळतं, त्याच्याकडे परवाना नसतो, परवाना काढायची हौसही नसते. नष्ट करणं किंवा निष्क्रिय करणं हे दोनच मार्ग त्याच्या डोळ्यांसमोर असतात. तो दुसरा निवडतो आणि आपण वस्तू वाचवली असं त्याला मनापासून वाटतं.

संग्रहालयांतल्या मंडळींचा आक्षेप वेगळा आणि जास्त टोकदार आहे. ते म्हणतात, झाडलं की झिजतं. प्रत्येक बार नळीतून काही कण घेऊन जातो, स्प्रिंग थकते, आणि एखाद्या दिवशी शंभर वर्षांचा भाग तुटतो. तुटतो, हे खरं आहे. जुनं लष्करी काडतूस वापरून नुसतं तेल पुसून ठेवलेलं पिस्तूल काही दिवसांत आतून गंजलेलं मी पाहिलंय. त्या काळच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचं मिठासारखं क्षार उरतं, ते ओल ओढतं आणि तेलात विरघळत नाही. पाण्यानेच धुवावं लागतं, काळ्या दारूनंतर तर गरम पाण्याने, आणि मग कोरडं करून तेल. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात अस्सल वस्तू देऊ नये. असंच अज्ञान जिवावरही बेततं. पहिल्या महायुद्धातली कितीतरी वेब्ली रिव्हॉल्व्हरं पुढे अमेरिकेत चक्र मागून घासून .45 च्या पिस्तुली काडतुसासाठी बसती केली गेली. काडतूस आत बसतं, म्हणून ते चालेल असं वाटतं. पण त्याचा लष्करी बार त्या चक्राला सोसवेल त्यापेक्षा जास्त दाब देतो. आणि काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत बिनधुराची दारू भरणं म्हणजे स्वतःच्या बोटांशी खेळ.

म्हणून सगळंच झाडा असं मी म्हणत नाही. 28 जून 1914 रोजी सारायेवोत गॅव्ह्रिलो प्रिन्सिपने ज्या पिस्तुलाने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याच्या पत्नीला मारलं, ते ब्राउनिंगच्याच रचनेचं, बेल्जियममध्ये बनलेलं 1910 चं मॉडेल. ते आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. त्या मॉडेलची पिस्तुलं भरपूर बनली. यंत्र समजून घ्यायचं तर दुसरं कुठलंही घेता येईल. त्या एका पिस्तुलाचा अर्थ त्याच्या यंत्रात नाही, त्या सकाळीत आहे. ते पुन्हा झाडणं असभ्यपणाचं होईल. तसंच जे एकुलतं एक उरलंय, ज्याच्या नळीत खड्डे आहेत, ज्याचा मूळ रंग अजून टिकून आहे, ते मिटल्या पेटीत राहू द्यावं. प्रतिकृतींनाही मी कमी लेखत नाही. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अस्सल आणि प्रतिकृती अशा वेगळ्या गटांत नेमबाजी होते: 30 मिनिटांत 13 बार, त्यातले उत्तम 10 मोजायचे. शिकणाऱ्याने प्रतिकृतीवरच शिकावं. पण प्रतिकृती आजच्या पोलादाची, आजच्या यंत्रावर कातलेली, आजच्या माणसाच्या चुका सुधारून केलेली असते. मूळ कारागिराच्या हाताने कुठे तडजोड केली हे ती सांगू शकत नाही.

यानंतर उरतो तो प्रश्न मला घरच्यांनीच विचारलेला आहे: माणसं मारायला बनवलेल्या वस्तूवर एवढं प्रेम कशाला? संग्राहक अशा वेळी जुन्या व्हायोलिनचा दाखला देतात. ते वाजवलं नाही तर मरतं, तसंच हे, असं म्हणतात. मला तो दाखला पटत नाही. व्हायोलिनने कुणाचा जीव घेतलेला नाही. लुगरच्या चेंबरवर 1917 असं लिहिलेलं असतं तेव्हा ते कुठल्या चिखलातून आलंय हे आपल्याला माहीत असतं. काही लुगर पिस्तुलांच्या मुठीच्या पुढच्या पट्टीवर रेजिमेंटची खूण ठोकलेली असते. ती शोधत गेलं की तुकडीचं नाव मिळतं, आणि तुकडीच्या नावामागून मेलेल्यांची यादी येते. माझ्या बाबतीत तरी प्रेम त्या यादीपाशी संपत नाही, पण बदलतं. झाडताना मला कधी मजा वाटली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. मात्र एवढी कुशलता, एवढी सुबक कल्पकता माणसाने याच कामासाठी खर्च केली, ही गोष्ट वेल्ड केलेल्या ठोकळ्यापाशी उभं राहून कुणाला जाणवत नाही. ती जाणवते सांधा गुळगुळीत वर उचलला जातो तेव्हा, बोटांना.

म्हणून माझी मागणी लहान आहे. जमा झालेलं, वारशात आलेलं, पोलिसांच्या खोलीत पडलेलं प्रत्येक जुनं शस्त्र भट्टीत किंवा वेल्डरकडे जाण्याआधी जाणकाराच्या डोळ्यांखालून जावं. लीड्सच्या रॉयल आर्मरीजसारख्या संस्थांत असे जाणकार आहेत. इतर देशांच्या लष्करी संग्रहालयांतही आहेत. त्यांना पाहायला वेळ द्यावा, आणि त्यांनी ‘हे ठेवा’ म्हटलं तर ते शाबूत ठेवायला कायद्याने जागा द्यावी: बंद तिजोरीत, काडतुसांविना, वारसाच्या नव्हे तर संस्थेच्या ताब्यात चालेल. वारसाला पैसे नकोच असतात बहुधा. त्याला फक्त ती वस्तू घरातून जायला हवी असते आणि आजोबांचं नाव तिच्या चिठ्ठीवर राहायला हवं असतं.

ते 1917 चं लुगर मी विकत घेतलं नाही. त्याच्या मुठीच्या पट्टीवरची खूण मात्र उतरवून घेतली आहे. वेल्डच्या उष्णतेने तिची दोन अक्षरं पुसट झाली आहेत, आणि त्या दोन अक्षरांवाचून तुकडी ठरत नाही.